भिंतीतील वाटा व भाड्यातील वाटा

(ज्ञातिमंडळाच्या बोदवड येथील वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा पाठ)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस जुन्या भाड्याच्या घरांविषयी बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय रूक्ष आहे हे आम्ही जाणतो. विवाह, शिक्षण, वसतिगृह हे विषय सोडून दगडमातीविषयी काय ऐकावयाचे, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. तथापि आमची विनंती अशी की, उद्या सकाळी आपल्या गावाच्या जुन्या वस्तीतून एक फेरी मारावी. धाब्याचे घर दिसेल; पुढच्या खणात एखादे दुकान, मागच्या खणांत दोन-तीन भाडेकरू, आणि माडीला कुलूप. किल्ली सुरतेस असते, नाही तर पुण्यास. धाब्यावर गवत उगवलेले, पन्हाळ फुटलेले, आणि भिंतीच्या पायथ्याशी हातभर उंचीपर्यंत लोणा चढलेला. घर चार चुलतभावांचे. प्रत्येकास ते दुरुस्त व्हावे असे वाटते आणि प्रत्येक जण दुसऱ्याने हात घालण्याची वाट पाहतो. एखाद्या भाद्रपदात एक खण बसतो, भाडेकरू निघून जातात, आणि मग आजोबांनी सातपुड्याचे सागवान आणून उभारलेले ते घर मोकळ्या जागेच्या भावाने कोणी तरी घेऊन जातो.

लोक म्हणतात, पैसा नाही म्हणून असे होते. आमचे मत निराळे आहे. चार भावांपैकी एकाजवळ तरी बहुधा पैसा असतो. पण घातलेला पैसा कोणत्या नात्याने घातला हे ठरलेले नसते, आणि ते विचारणे म्हणजे भावावर अविश्वास दाखविणे अशी आपली समजूत असते. शेत बटाईने देताना बियाणे कोणाचे, खत कोणाचे, कडब्याचा वाटा कोणाचा, हे आपण बांधावर उभे राहून ठरवितो आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. घराच्या बाबतीत मात्र "आपल्या-आपल्यात कागद कशाला" असे म्हणून मोकळे होतो.

आता थोडे आकडे मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपापल्या घराचे आकडे घालून हेच गणित घरी करून पाहावे.

समजा, एका भावाच्या वाटणीस आलेले जुने घर आहे. त्यात चार भाडेकरू, प्रत्येकी महिना २,५०० रुपये भाडे. वर्षाचे १,२०,००० झाले. त्यातून एखादा महिना जागा रिकामी राहते, त्याचे १०,००० वजा. घरपट्टी, दरवर्षी धाब्यावर माती टाकणे आणि किरकोळ डागडुजी यांचे ३०,००० वजा. हाती उरले ८०,०००. आता दुसऱ्या भावाने ६ लाख रुपये घातले, घर नीट दुरुस्त झाले आणि भाडे प्रत्येकी ४,००० झाले. वर्षाचे १,९२,०००. रिकाम्या महिन्याचे १६,००० आणि पट्टी व देखभालीचे २६,००० गेले की १,५०,००० उरतात. म्हणजे ६ लाखांच्या दुरुस्तीने वर्षाचे उत्पन्न ७०,०००नी वाढले.

इथपर्यंत दोघेही भाऊ आनंदात असतात. आता वाटप करू. जुन्या घराची किंमत २० लाख धरली, तर २० आणि ६ मिळून २६. पैसा घालणाऱ्याचा वाटा २६ पैकी ६, म्हणजे १३ पैकी ३. दीड लाखांतून त्याच्या हाती वर्षाला ३४,६१५ रुपये पडतात. हे शेकडा पावणेसहाच्या आसपास झाले. बँकेच्या मुदतठेवीत शेकडा ७ दराने ठेवले असते तर काही न करता ४२,००० आले असते. केवळ भाड्यातून मुद्दल वसूल व्हावयाचे म्हटले तर सतरा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि तोवर दुसरी दुरुस्ती दाराशी उभी असते.

मग पैसा घालणारा वेडा म्हणावा काय? तो वेडा नाही. पण एका अटीवर. त्याचा १३ पैकी ३ हा वाटा भाड्यात आहे तसाच भिंतीतही असला पाहिजे. उद्या घराची किंमत वाढली तर त्या वाढीचा तेवढा भाग त्याचा असला पाहिजे. आपल्याकडे नेमकी येथेच फसगत होते. घरमालक भाऊ समजतो, आपण भाड्यात वाटा देत आहोत. पैसा घालणारा समजतो, आपण घरात वाटेकरी झालो. दोघेही प्रामाणिक असतात. दहा वर्षांनी घर विकावयास निघाले म्हणजे दोघांनाही एकमेकांत लबाडी दिसू लागते.

यास्तव आमचे सांगणे एवढेच की, पहिली वीट काढण्यापूर्वी पुढील तीनपैकी आपला व्यवहार कोणता आहे ते ठरवावे: कर्ज, सहमालकी, की भागीदारी.

कर्ज असेल तर भिंतीत वाटा नाही. मुद्दल, व्याज आणि मुदत लिहावी. वरील उदाहरणात वाढीव ७०,००० सगळेच्या सगळे धनको भावास दरसाल द्यावयाचे ठरले आणि व्याज शेकडा ७ धरले, तर कर्ज फिटावयास साधारण साडेतेरा वर्षे लागतात. व्याज मुळीच नको म्हटले तरी साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ जातो. हे आधी माहीत असलेले बरे; कारण "दोन-तीन वर्षांत परत करतो" हे वाक्य अशा घरांच्या ओट्यांवर फार ऐकू येते.

सहमालकी असेल तर वाटा नोंदलेल्या दस्ताने मिळतो. शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावरातील हक्क एकाकडून दुसऱ्याकडे द्यावयाचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकापुढे दस्त नोंदला पाहिजे. साध्या कागदावर चार पंचांच्या सह्या घेऊन भिंत दुसऱ्याची होत नाही. घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव चढले म्हणून मालकी सिद्ध झाली असेही नव्हे. तो उतारा कर कोणी भरावयाचा एवढे सांगतो. खेड्यांतील गावठाणांत २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत मिळकतपत्रिका मिळू लागल्या आहेत. आपल्या आसपासच्या गावच्या मंडळींनी त्यावरील नावे बारकाईने वाचून घ्यावीत, चूक असल्यास लागलीच हरकत घ्यावी.

तिसरी भागीदारी. भागीदारीचे नाव निघाले म्हणजे आम्हांस अंकगणिताच्या पुस्तकातील अ, ब आणि क आठवतात. अ ने बारा महिने भांडवल गुंतविले, ब ने आठ महिने, क ने सहा. नफा कसा वाटावा? ही उदाहरणे आम्ही फळ्यावर असंख्य वेळा सोडविली. त्या पुस्तकातील अ, ब आणि क कधी मरत नाहीत, कधी भांडत नाहीत, त्यांच्या सुना कधी हिशेब विचारीत नाहीत. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा मात्र या सर्व गोष्टी गृहीत धरून केलेला आहे, आणि तो काय म्हणतो हे ऐकण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, करारात निराळे लिहिले नसेल तर नफातोटा सर्व भागीदारांत समसमान वाटला जातो. एकाने ६ लाख घातले आणि दुसऱ्याने १ लाख, तरीही समसमान. फळ्यावरचे गणित तेथे चालत नाही. ते करारात लिहावे लागते. दुसरी गोष्ट, कामाची देखरेख करणाऱ्या भागीदारास, लिहिले नसेल तर, मेहनताना मिळत नाही. गावात राहणारा भाऊ उन्हातान्हात गवंड्यामागे उभा राहतो आणि पुण्याचा भाऊ दिवाळीला येऊन हिशेब तपासतो, हे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कलमाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तिसरी गोष्ट, संस्थेचे देणे प्रत्येक भागीदाराच्या अंगावर पूर्णपणे येते; आपला वाटा दोन आणे म्हणून देणेही दोन आणे, असे सावकारास म्हणता येत नाही. चौथी, एक भागीदार वारला की, करारात निराळे नसल्यास, भागीदारी मोडते.

आणि नोंदणी. भागीदारी नोंदविलीच पाहिजे अशी सक्ती नाही. पण न नोंदविल्यास संस्थेला करारावरून तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावता येत नाही, आणि भागीदारासही करारातील हक्कांसाठी सहभागीदारांवर दावा लावता येत नाही. संस्था मोडून हिशेब मागावा एवढीच वाट उरते. महाराष्ट्राने १९८४ साली कायद्यात दुरुस्ती करून तीही वाट अडविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली तेव्हा ती पुन्हा मोकळी झाली.

आता आमचे स्पष्ट मत. वडिलोपार्जित घर भागीदारीत आणू नये. भागीदारीच्या भांडवलात घर घातले की ते संस्थेचे होते. संस्था मोडली तर आधी देणेकऱ्यांची देणी आणि मग उरलेल्याचे वाटप. वडिलांचे घर परत मिळेलच असा भरवसा नाही. जुने घर दुरुस्त करून त्याचे भाडे वाटून घ्यावयाचे एवढाच हेतू असेल, तर सहमालकी पुरेशी आहे. मिळकतीत सामाईक हितसंबंध असणाऱ्यांनी तिचे उत्पन्न वाटून घेतले एवढ्यावरून ते भागीदार ठरत नाहीत, असे भागीदारीच्या कायद्यातच म्हटलेले आहे. भागीदारी करावी ती जागा विकत घेऊन, बांधून, विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा धंदा मांडावयाचा असेल तेव्हा. अलीकडे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचीही सोय २००८ च्या कायद्याने झालेली आहे. तीत देणे अंगावर येण्याचे भय पुष्कळ कमी, परंतु दरसालचे कागदपत्र भरण्याची कटकट अधिक. चार खोल्यांच्या घरासाठी तो खटाटोप आम्ही सुचविणार नाही.

ज्ञातीने एकत्र येऊन घरांचा प्रश्न सोडविल्याचे मोठे उदाहरण हवे असल्यास मुंबईकडे पाहावे लागेल. तेथे श्रीपाद सुब्राव तळमकी या गृहस्थांनी १९०६ साली आपल्या सारस्वत ज्ञातीसाठी शामराव विठ्ठल बँक स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. आपल्या देशातील सहकारी गृहनिर्माणाची ती सुरुवात समजली जाते. तिची रचना आपल्या विषयाशी थेट जुळणारी आहे. इमारत संस्थेची, राहणारा मनुष्य एकाच वेळी भागधारक आणि भाडेकरूही. भिंत कोणा एकाची नसल्यामुळे ती कोणी एकटा विकू शकत नव्हता, आणि भाडे आपल्याच संस्थेस जात असल्याने दुरुस्ती टाळण्यात कोणाचा फायदा नव्हता. मुंबईत नोकरीसाठी आलेल्या, हाती फारसे नसलेल्या माणसांनी हे केले. भिंतीतील वाटा आणि भाड्यातील वाटा यांचा निकाल त्यांनी आरंभीच, उपविधीत लिहून लावला, हे त्यांचे शहाणपण.

असो. कागदावरून भिंतीकडे येतो. दुरुस्तीचा पैसा कोठे वाया जातो, हे आमच्या पाहण्यात पुष्कळदा आले आहे. घर रंगवून काढतात आणि धाबे तसेच राहते! क्रम उलटा हवा. आधी छत व पन्हाळे, नंतर पायथ्याची ओल, मग विजेच्या तारा आणि शौचकूप, आणि गिलावा व रंग सर्वांत शेवटी. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याची हौस फार. परंतु आतील ओल त्यामुळे कोंडून राहते आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याची पापुद्रे सुटून पडतात. मातीला चुना मानवतो. तसेच मातीच्या भिंतींवर सिमेंटची लादी टाकणे म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर भरलेली गोणी देणे होय. लादी हवी असेल तर खांब उभारून तिचा भार खांबांवर घ्यावा, आणि त्याचा खर्च आधी काढावा. धाबे काढून पत्रे टाकणे स्वस्त पडते खरे, पण आपल्या जिल्ह्यात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याखालची खोली एप्रिलात रिकामी होते आणि वाचविलेला पैसा रिकाम्या महिन्यांत निघून जातो. पत्रे टाकलेच तर वर पांढरा चुना आणि खाली छताला आडोसा हवा. प्रत्येक बिऱ्हाडाचा विजेचा मीटर वेगळा असावा. भाडेकरूंची निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

आणखी एक बाब, जी बहुतेक करारांत नसते: जुने लाकूड. धाबे उतरविले की कड्या, पाट, तुळया आणि किलचन निघते. जुन्या सागवानाला आजही चांगली किंमत येते. काम उक्ते दिलेले असेल आणि लाकडाविषयी लिहिलेले नसेल, तर ते ठेकेदाराच्या गाडीतून जाते. नाही तर गावातील भावाच्या शेतातल्या खोपीला लागते आणि शहरातील भावाच्या मनात कायमचे घर करते. लाकूड उतरताच मोजून, दोघांच्या सहीने यादी करावी आणि त्याची किंमत दुरुस्तीच्या जमेस धरावी. आमच्या माहितीतील एका घरात चुलतभावांचे दहा वर्षे बोलणे नव्हते ते घरावरून नव्हे, सहा तुळयांवरून.

भाडेकरूविषयी. १९४७ चा मुंबई भाडे कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अंमलात आला आहे. तो कोणत्या गावांस लागू आहे त्यांची यादी कायद्याच्या परिशिष्टांत आहे; आपली मिळकत ज्या गावी असेल ते गाव त्यांत आहे किंवा कसे, हे वकिलाकडून प्रथम पाहून घ्यावे, कारण वरचे आमचे चार हजारांचे गणित त्यावर अवलंबून आहे. जेथे तो लागू आहे तेथे जुन्या भाडेकरूचे भाडे दरसाल शेकडा ४ या दराने वाढविता येते. विशेष सुधारणा केल्यास त्या खर्चाच्या शेकडा १५ पर्यंत वार्षिक वाढ मिळू शकते, परंतु शेकडा ७० भाडेकरूंची लेखी संमती लागते. चार बिऱ्हाडे असतील तर निदान तीन. म्हणून भाडेकरूंना बोलावून, नकाशा दाखवून, काम आणि भाडे दोन्ही आधी सांगावे. घरमालकाने दुरुस्ती टाळली, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः ती करू शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत रक्कम वळती करून घेऊ शकतो, हेही पुष्कळ घरमालकांस ठाऊक नसते. भाडेकरू जागा सोडावयास भितो याचे कारण, एकदा बाहेर पडलो की परत घेणार नाहीत. त्यास परत घ्यावयाचे असेल तर तसे लिहून द्यावे. तो आठ दिवसांत जागा मोकळी करतो. नवीन भाडेकरूचा करार लेखी आणि नोंदलेला असावा. ती जबाबदारी त्याच कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे.

येथे एक गोष्ट बोलल्याविना राहवत नाही. खोली देण्यापूर्वी ज्ञात विचारण्याची आपल्यातील खोड आता सोडावी. बोदवड तालुक्याचे ठिकाण झाले. कचेरीतले, शाळेतले, बँकेतले लोक चारी दिशांनी येतात. आपली मुले पुण्या-मुंबईस जागा शोधीत फिरतात तेव्हा त्यांना कोणी आडनाव विचारून दार लावले म्हणजे आपण संतापतो. येथे आपण तेच करावयाचे काय?

घर सामाईक असेल तर बहिणींची नावे विसरू नयेत. महाराष्ट्रात १९९४ साली आणि सर्व देशात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क आहे. २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क जन्माने आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. जुन्या रीतसर वाटण्यांचा अपवाद आहे, तो वकिलास विचारावा. राखीपौर्णिमेस बहीण माहेरी आली की तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवण्याची पद्धत आम्हांस रुचत नाही. तिला वाटा सोडावयाचा असेल तर ती सोडील. पण आधी तिला वरचे गणित दाखवावे, तिचा वाटा किती रुपयांचा हे सांगावे. पुष्कळ बहिणी वाटा ठेवून दुरुस्तीत पैसा घालावयासही तयार होतील. त्यांना आजवर कोणी विचारलेलेच नसते.

बाहेर पडण्याची वाटही आत शिरतानाच लिहावी. कोणास वाटा विकावयाचा झाल्यास प्रथम घरच्यांना विचारावे. किंमत कोणी ठरवावी. ती एकरकमी द्यावी की तीन वर्षांच्या हप्त्यांनी. मृत्यू झाल्यास वारसांनी आत यावे की किंमत घेऊन मोकळे व्हावे. चार ओळी पुरतात. भाडे एकाच बँक-खात्यात जमा व्हावे आणि दिवाळीच्या वहीपूजनास वर्षाचा हिशेब सर्वांच्या सहीने मिटावा, अशी एक ओळ आणखी घालावी.

शेवटी मंडळाच्या स्वतःच्या गाळ्यांविषयी. आज सकाळच्या बैठकीत एका बंधूंनी सुचविले की, मंडळाच्या निधीतून एखादी जुनी इमारत काही सभासदांच्या भागीदारीत घ्यावी. हेतू चांगला आहे, परंतु मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे आणि १९५० च्या न्यास कायद्याप्रमाणे न्यासाचा पैसा कोणाच्या खासगी भागीदारीत घालता येत नाही. मंडळाची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यावयाची असल्यासही धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. रस्त्याकडील गाळ्यांचे करार नव्याने होतील तेव्हा त्यांची मुदत ठरविण्यापूर्वी कार्यकारिणीने हे कलम वाचून घ्यावे, आणि त्या गाळ्यांचे मागच्या बाजूचे पन्हाळ मात्र यंदाच्या मृगापूर्वी बदलून घ्यावे.